गुडघ्यातली रेजिमेंट

सैनिकाचं शरीर त्याचं स्वतःचं नसतं. ते राष्ट्राचं असतं, आणि राष्ट्राच्या कामी यावं म्हणूनच ते जपायचं असतं. सुभेदार नाथाजी निकम गेली एकोणीस वर्षं दर सव्वीस जानेवारीला गावच्या शाळेत हे सांगत आले होते, आणि गावही दर वर्षी तितक्याच गांभीर्याने ऐकत आलं होतं. गेल्या नोव्हेंबरात त्या शरीराचा डावा गुडघा कामी आला. रहिमतपूरच्या एका मंगल कार्यालयात, ज्येष्ठ नागरिकांच्या मेळाव्यात, संगीत खुर्ची खेळताना.

खेळ शेवटच्या खुर्चीवर आला होता. उरले होते दोघेच, नाथाजी आणि त्यांच्याच गावचा निवृत्त नाईक तात्याबा. तात्याबा खुर्चीभोवती चपला फरफटत फिरत होता. नाथाजी मात्र कदमताल करत होते, कारण स्पीकरवर देशभक्तीचं गाणं होतं आणि अशा गाण्यावर फरफटणं त्यांच्या रक्तात नव्हतं. गाणं थांबलं. तात्याबा बसला. नाथाजी आधी थांबले. म्हणजे कवायतीच्या नियमाने थांबले, एक-दो मोजून, डावा पाय फरशीवर मारून. आणि मग खुर्ची जातेय हे ध्यानात आल्यावर त्याच रोवलेल्या पायावर सगळं अंग गर्रकन वळवलं. पाय फरशीला धरून राहिला, अंग वळलं, आणि मधला गुडघा दोघांचंही ऐकायला गेला. आत कच्चा भेंडा मोडावा तसा आवाज झाला.

"सुबेदार, मी जिकलो," तात्याबा खुर्चीतून म्हणाला. नाथाजी तेव्हा जमिनीवर होते.

दुखणं मोठंच होतं, पण नाथाजींचं खरं दुखणं तिसऱ्या दिवशी घरी आलं. तात्याबाच घेऊन आला, सोबत चार मोसंबी.

"तुमी आता आराम करा," तो म्हणाला. "सव्वीस जानेवारीचं मी बगतो."

सव्वीस जानेवारीला गावातले अकरा माजी सैनिक शाळेच्या मैदानावर झेंड्यासमोर उभे राहत आणि नाथाजी त्यांना कमांड देत. शेवटची सहा वर्षं ते ट्रेनिंग सेंटरला ड्रिलचे उस्ताद होते. सावधान होताना डावा पाय असा मारायचा की शेजारच्या तालुक्यात कळलं पाहिजे, हे त्यांनी हजारो रंगरुटांना शिकवलं होतं. पेन्शन, ऊस आणि दोन म्हशी सोडल्या तर नाथाजींच्या आयुष्यात वर्षातून एकदा मारायचा तो पाय एवढंच उरलं होतं. आणि तात्याबा त्या पायाच्या मागे सात वर्षं उभा होता.

"मोसंबी घेऊन जा," नाथाजी म्हणाले.

सातारच्या हाडांच्या डॉक्टरांकडे त्यांची बायको बनुबाई त्यांना घेऊन गेल्या. डॉक्टर विश्वजित तिशीतले होते आणि भरभर बोलत. नाथाजींचा डावा कान फायरिंग रेंजवर अर्धा राहिला होता, आणि डॉक्टर नेमके त्याच बाजूला बसले होते.

"कसं झालं हे?"

"मैदानावर," नाथाजी म्हणाले.

"खुर्चीवर," बनुबाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी एमआरआयची फिल्म दिव्यासमोर धरली. "हाड ठीक आहे, आबा. लिगामेंट फाटलंय."

नाथाजी खुर्चीत ताठ झाले. "रेजिमेंट?"

"हो. अर्धंच फाटलंय तसं. पूर्ण नाही."

"कुठली?"

"मीडियल."

"मेडिकल? आवं, मी मेडिकलला कवाच नव्हतो. मी इन्फंट्री."

डॉक्टरांनी फिल्म खाली ठेवली. हाडांच्या दवाखान्यात माणसं रडतात, भांडतात, बिलाबद्दल बोलतात. रेजिमेंटबद्दल बोलणारं त्यांना पहिल्यांदाच भेटलं होतं. बनुबाईंनीच मग तह घडवला.

"आवं, गुडघ्याचं बोलत्यात ते. गुडघ्यात कायतरी असतंय, ते फाटलंय."

"गुडघ्यात रेजिमेंट असती?"

"डॉक्टर म्हणत्यात तर आसंल," बनुबाई म्हणाल्या. लग्नाला चव्वेचाळीस वर्षं झाली होती. नवऱ्याच्या कुठल्या अवयवात पलटण निघाली असती तरी त्यांना नवल वाटलं नसतं.

शस्त्रक्रिया नको, पट्टा आणि रोजचा व्यायाम हवा, असं ठरलं. आणि दोन महिने उकिडवं बसायचं नाही. या शेवटच्या अटीने नाथाजींचा मुक्काम ठरला. गावच्या घरात सगळं होतं, कमोड नव्हता. कमोड होता सांगलीत, लेकीच्या घरी. जावयाच्या घरी आठवडाभराच्या वर राहणार नाही असं नाथाजींनी रेश्माच्या लग्नातच जाहीर केलं होतं. पण तेव्हा गुडघा शाबूत होता आणि माणसाला कुठल्या बाबतीत मान तुकवावी लागेल याची कल्पना नव्हती. रेश्माच्या घरासमोर रस्ता ओलांडला की फिजिओथेरपीचं क्लिनिकही होतं.

क्लिनिक उत्कर्षा कोळेकरचं होतं. जतकडची, धनगराची पोर, सत्तावीस वर्षांची. वडील अजून मेंढरं राखत. भिंतीवर प्रमाणपत्र आणि त्याखाली काळं घोंगडं होतं. कोपऱ्यात प्लॅस्टिकचा सांगाडा उभा होता, त्याच्या डोक्यावर कुणीतरी गांधी टोपी घातली होती.

"काय झालंय, आबा?" तिने विचारलं.

"रेजिमेंट फाटली," नाथाजी म्हणाले.

उत्कर्षाने कागद वाचला, त्यांच्याकडे पाहिलं, कानातलं यंत्र दिसतंय का ते पाहिलं, आणि काहीतरी ठरवलं. चुकीचा शब्द दुरुस्त करत बसायचं की त्याच्याकडूनच काम करून घ्यायचं, हा प्रश्न तिच्या धंद्यात रोज येत असे. जतकडे तर सगळ्यालाच 'शीर' म्हणत. रक्ताची ती शीर, मज्जेची ती शीर, टाचेवरची दोरी तीही शीर. त्या मानाने रेजिमेंट बरी होती.

"बरोबर," ती म्हणाली. "चार कंपन्या आहेत तुमच्या गुडघ्यात. बघा." तिने सांगाड्याचा गुडघा पुढे ओढला. "हे वरचं मांडीचं हाड, हे खालचं नडगीचं. एकावर एक नुसती ठेवलीत. मध्ये खाच नाही, बिजागरी नाही, खिळा नाही. उतरंडीवर गाडगं ठेवावं तशी."

"मग पडत का न्हाईत?"

"तेच सांगते. एक कंपनी बाहेरच्या बाजूला, एक आतल्या. गुडघा आडवा फाकू देत नाहीत. दोन आत, एकमेकींवरून फुलीसारख्या. त्या हाड पुढं-मागं घसरू देत नाहीत. चौघींचं काम एकच, हाडाला हाड धरून ठेवायचं. तुमची आतल्या बाजूची जखमी झालीय."

नाथाजींनी सांगाड्याचा गुडघा डोळे बारीक करून पाहिला. अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी बऱ्याच पोस्ट पाहिल्या होत्या, पण इतक्या कमी माणसांत इतकी मोठी हद्द राखलेली पाहिली नव्हती.

"आणि हे?" त्यांनी हाडाच्या टोकावरची पांढरी चकाकी दाखवली.

"कूर्चा. मऊ, गुळगुळीत. हाडावर हाड घासू नये म्हणून. मध्ये दोन गाद्या आहेत, धक्का खायला. आणि ही वाटी ज्या दोरीत बसलीय ती दोरी मांडीच्या स्नायूची. स्नायू ओढतो, दोरी हाडाला हुकूम पोचवते, पाय उचलतो. ती दोरी नसती तर स्नायूनं कितीबी ओढलं तरी पाय जागचा हलला नसता."

"म्हंजे सिग्नलवाले."

"सिग्नलवाले," उत्कर्षा म्हणाली. कॉलेजातल्या तोंडी परीक्षेत हे उत्तर चाललं नसतं. तिथे नाथाजीही नसते.

"किती दिवसांत बरी होईल?"

"वेळ लागेल. हाडाला रक्त भरपूर, ते पटकन जुळतं. हिला रक्त कमी पोचतं."

"रसद कमी."

"रसद कमी."

"तरी हद्द सोडत न्हाईत?"

"सहासष्ट वर्षं सोडली नाही की, आबा. तुम्हीच त्या दिवशी वळलात."

सहासष्ट वर्षांत नाथाजींनी छातीला मान दिला होता, मिशीला दिला होता, दंडाला लहानपणी तालमीत तेल चोळलं होतं. गुडघ्याच्या आतल्या बाजूला कुणी ड्यूटीवर आहे याची त्यांना खबर नव्हती. हजेरीपटावर नाव नाही, रजा नाही, बदली नाही. त्यांनी सवयीने गुडघ्याकडे पाहून मान किंचित झुकवली. उत्कर्षाने पाहिलं नाही असं दाखवलं.

"सव्वीस जानेवारीला मला हा पाय मारायचाय," मग ते म्हणाले, आणि उस्तादाने रंगरुटाला समजावावं तसं सगळं तिला समजावलं. झेंडा, अकरा माणसं, कमांड, तात्याबा.

"उभे राहाल," ती म्हणाली. "चालाल. मारायचं बघू."

"बगू न्हाई. व्हय का न्हाई ते सांग."

"बघू," उत्कर्षा म्हणाली. ती धनगराची पोर होती. घाई करणाऱ्या जनावरांची तिला लहानपणापासून सवय होती.

व्यायाम सुरू झाला. नाथाजींना वाटलं होतं, उठाबशा असतील, वजनं असतील. उत्कर्षाने त्यांना गुडघ्याखाली गुंडाळलेला टॉवेल देऊन तो दाबायला सांगितला. दहा वेळा. दहा मोजेपर्यंत धरायचा, सोडायचा.

"एवढंच?"

"एवढंच. फाटलंय तिथं आता नवे धागे येतायत. कसेही येतात. आडवे, तिडवे, गुंता. सगळे नवे भरती."

"रंगरूट."

"हां. नुसतं पडून राहिलात तर ते तसेच आडवेतिडवे राहतात, मग कंपनी कच्ची. रोज थोडा थोडा ताण दिला की धागे ताणाच्या दिशेनं रांगेत येतात. फार दिला की पुन्हा तुटतात."

नाथाजी टॉवेलावरून उठूनच बसले. अख्ख्या वैद्यकशास्त्रात त्यांना पहिल्यांदाच कुणी त्यांच्या हातातलं काम दिलं होतं. गुडघ्याच्या आत गबाळी पोरं आली होती, वेड्यावाकड्या ओळीत उभी होती, आणि त्यांना सरळ करायला उस्ताद हवा होता.

त्या दिवसापासून रेश्माच्या हॉलमध्ये सकाळी सहाला परेड भरू लागली. नाथाजी सतरंजीवर उताणे पडून टॉवेल दाबत आणि हळू आवाजात, शेजाऱ्यांचा विचार करून, कमांड देत. "दाब! ... छोड! ए तीन नंबर, सीधा हो!" जावई विमा कंपनीत होता. तो टॉवेलाला ओरडणाऱ्या सासऱ्यांना ओलांडून आंघोळीला जाई.

चौथ्या आठवड्यात, रविवारी, जावयाने मटण आणलं. आणताना खाटकाला बजावून आणलं होतं की चिवट देऊ नकोस, सासरे आहेत. तरीही नाथाजींच्या ताटात नेमका सांध्याचा तुकडा आला. एरवी त्यांनी तो ताटाच्या कडेला सारला असता. गावच्या आकाराम खाटकाला ते याच कारणावरून वीस वर्षं शिव्या घालत आले होते. त्या दिवशी त्यांनी तो उचलला, रस्सा पुसला, आणि दोन्ही हातांनी वाकवून पाहिला. वाकला, सुटला नाही. शिजून मांस गळालं होतं, हाडाची नळी रिकामी झाली होती, आणि मधली पांढरी पट्टी दोन्ही हाडांना अजून धरून होती. कुकरच्या सात शिट्ट्यांनंतर.

"रेश्मा," नाथाजींचा आवाज जड झाला होता. "बग. मेलं तरी पोस्ट सोडली न्हाई."

"आण्णा, जेवा," रेश्मा म्हणाली.

"आपन हे थुकत आलो आजवर."

जावयाला भाषणाची संधी सोडता येत नसे. विम्यात ते शिकवतात. त्याने हात थांबवला. "खरंय आण्णा. आणि विचार केला ना, तर प्रत्येक घरातसुद्धा असं एक माणूस असतं. सगळ्यांना जोडून धरणारं. माझ्या मते या घराचं लिगामेंट म्हणजे आई."

बनुबाईंनी भाकरीचा तुकडा खाली ठेवला. "म्हंजे मी चिवट?"

"तसं नाही आई..."

"आत्ताच म्हनले न्हवं का ते, थुकायचं असतंय म्हनून."

जावयाने उरलेलं जेवण मान खाली घालून संपवलं. पण नाथाजींची नजर एक क्षण बनुबाईंवर राहिली, जरा जास्तच. दुसऱ्या दिवशी ते त्यांना सोबत क्लिनिकमध्ये घेऊन गेले आणि उत्कर्षाला म्हणाले, "हिचेबी गुडघे बग. अकरा वर्षं दुकतात म्हनते. मी ऐकलं न्हवतं."

"कान गेलाय न्हवं तुमचा," बनुबाई म्हणाल्या.

"तो डावा," नाथाजी म्हणाले. "तू उजवीकडंबी सांगितलं हुतंस."

बनुबाईंच्या गुडघ्यातली कूर्चा झिजली होती. त्यांनाही टॉवेल मिळाला. सहाच्या परेडला आता दोघं होते, फक्त बनुबाई कमांडवर दाबत नसत, त्यांना वाटेल तेव्हा दाबत.

डिसेंबर संपताना पट्टा बांधून नाथाजी सपाट रस्त्यावर नीट चालू लागले. उत्कर्षाला ते ढेकळांवर चालताना पाहायचे होते. तिचे वडील बिरदेव तेव्हा मेंढरं घेऊन आष्ट्याजवळ उतरले होते, ऊस तुटून गेलेल्या रानात. एका सकाळी ती नाथाजींना स्कूटरवर मागे बसवून तिकडे घेऊन गेली. सुभेदार साहेबांनी तिच्या खांद्याला धरायचं नाही म्हणून दोन्ही हात मांडीवर ठेवले होते, आणि दर खड्ड्याला ते किंचित सलामीत येत.

बिरदेव साठीचा, वाळक्या अंगाचा. तो एका मेंढीचा पुढचा पाय मांडीवर घेऊन बसला होता. बांबूच्या चार काड्या, त्याभोवती लोकर, वरून दोरा. हात थांबवला नाही, मान वर करून लेकीला म्हणाला, "ह्येच का ते पलटनवाले?"

"व्हय आप्पा."

"या बसा. न्हाई, तुमी उभंच ऱ्हावा. पोरगी वराडंल."

"हाड मोडलं काय हिचं?" नाथाजींनी विचारलं.

"हाड न्हाई. हाड आसतं तर बरं हुतं, तीन आठवड्यांत पळाली असती. सांध्याचं बांधन सैल झालंय. बांदावरनं उडी टाकली." बिरदेवने पाय हळूच खाली ठेवला. मेंढी तीन पायांवर उभी राहिली. "आता हिला रोज थोडं चालवायचं. बसू द्यायचं न्हाई, पळू द्यायचं न्हाई."

"मला तसंच सांगितलंय."

"मग बरुबर सांगितलंय. मीच शिकवलंय तिला," बिरदेव म्हणाला. उत्कर्षाने साडेचार वर्षं कॉलेजात घालवली होती.

"आन् पळालीच तर?"

"मग पुन्ना सुटतं. आन् दुसऱ्यांदा सुटलं की जन्मभर कळपाच्या मागं ऱ्हाती. मरत न्हाई. मागं ऱ्हाती." बिरदेवने तंबाखूची चिमूट काढली. "पर मेंढी ऐकती. तिला काय सव्वीस जानेवारी नसती."

नाथाजींनी उत्कर्षाकडे पाहिलं. ती दूर कुठल्याशा कोकराकडे मोठ्या आस्थेने पाहत होती.

"पोरी," ते म्हणाले, "म्हंजे न्हाई?"

"उभं राहायचं. कमांड द्यायची. पाय उचलायचा," ती म्हणाली. "आणि ठेवायचा. मारायचा नाही, आबा. या वर्षी तरी."

ढेकळांतून ते परत स्कूटरपर्यंत चालत आले. सत्तर पावलं. प्रत्येक पावलाला जमीन वेगळी होती, आणि प्रत्येक पावलाला गुडघ्याच्या आत कुणीतरी ते त्यांच्या आधी ओळखून दोरी आवळत, सैल सोडत होतं. एकदाही पाय मुरगळला नाही. एरवी एवढ्या गोष्टीकडे कुणी पाहिलंही नसतं. नाथाजी स्कूटरपाशी थांबले, तेव्हा त्यांचे डोळे ओले होते. उत्कर्षाने रुमाल दिला आणि धूळ फार आहे म्हणाली.

सव्वीस जानेवारीला गावात थंडी होती. गेले दोन महिने गावात अशी बातमी होती की सुभेदारांची सीमेवरची जुनी जखम वर आली. ही बातमी नाथाजींनी पसरवली नव्हती. खोडलीही नव्हती. शाळेत मुलं रांगेत बसली होती, मुख्याध्यापिका पल्लवी मॅडम झेंड्याची गाठ तिसऱ्यांदा तपासत होत्या. दहा माणसं ओळीत उभी होती आणि अकरावा तात्याबा पुढे, नाथाजींच्या जागेपासून अर्ध्या पावलावर, कडक इस्त्रीत.

"जमंल का, सुबेदार? न्हाईतर मी हाय."

"मागं हो," नाथाजी म्हणाले.

ते जागेवर जाऊन विश्राममध्ये उभे राहिले. गेले पंधरा दिवस त्यांनी मनाशी एक हिशेब ठेवला होता, जो उत्कर्षाला सांगितला नव्हता: एकदाच मारू. एका वेळेला काय होतं? सहासष्ट वर्षं टिकलंय ते. तात्याबा मागे श्वास घेत होता. सगळं गाव समोर होतं. नाथाजींनी छाती भरली.

"परेड, सावधान!"

डावा गुडघा वर आला. चांगला वर आला, जवळजवळ पूर्वीइतका. आणि त्या वरच्या क्षणी, पाय हवेत असताना, त्यांना आतल्या बाजूला ताण जाणवला. दुखणं नव्हतं. फक्त ताण. रांगेत आलेल्या पोरांनी दोरी धरली होती आणि हुकुमाची वाट पाहत होती. दोन महिन्यांची भरती. हुकूम मिळाला असता तर त्यांनी तो पाळला असता, हे नाथाजींना पक्कं ठाऊक होतं, आणि त्यातली निम्मी परत आली नसती, हेही.

उस्तादाने पाय खाली आणला. निजलेलं तान्हं पाळण्यात ठेवतात तसा ठेवला.

मान ताठ, नजर समोर, आणि मानेमागे घाम. सगळं गाव पाहतंय, आता कळलं, असं त्यांना वाटत राहिलं. झेंडा वर गेला, गाठ सुटली, फुलं पडली. राष्ट्रगीत झालं. पल्लवी मॅडमनी माईक दिला.

"सैनिकाचं शरीर," नाथाजींनी सुरुवात केली आणि थांबले. मुलांनी पुढचं वाक्य मनात म्हणून टाकलं होतं.

"ते ऱ्हाऊ दे," नाथाजी म्हणाले. "पोरानू, माझा गुडघा सीमेवर गेला न्हाई. संगीत खुर्चीत गेला. तात्याबा जिकला." ओळीत खसखस झाली. तात्याबाच्या मिशीला पीळ बसला. "गुडघ्यात दोन हाडं असत्यात, आन् त्यांना धरून ठेवायला पांढऱ्या पट्ट्या. बोटाएवढ्या. तुमी पळता, उड्या मारता, कबड्डी खेळता, त्या एवढ्याशा पट्ट्या तुमाला धरून असत्यात. कुनी त्यांचं नाव घेत न्हाई. मीबी सहासष्ट वर्षं घेतलं न्हाई. आज घेतो. लिगामेंट." हा शब्द त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच बरोबर उच्चारला, आणि उच्चारताना जरा उपरं वाटलं. "सांगलीत उत्कर्षा कोळेकर म्हनून पोरगी हाय. तिनं मला उभं केलं. तिच्या बापानंबी केलं. आन् माज्या घरच्या मंडळींनी. त्यांचे सगळ्यांचे उपकार हायेत. घरी गेल्यावर आपापल्या आजीला विचारा, गुडघं दुकतात का. आन् ऐका. जय हिंद."

टाळ्या पडल्या. पाचवीतल्या एका पोरीने स्वतःचा गुडघा दोन्ही बाजूंनी चाचपून पाहिला. बायकांच्या घोळक्यात बनुबाईंनी पदर सारखा केला आणि शेजारच्या बाईला सांगितलं की भाषण बरं झालं, लांबवलं नाही.

पांगापांग झाल्यावर नाथाजी तात्याबाकडे गेले. हे बोलल्याशिवाय त्यांना घरी जाता येणार नव्हतं.

"तात्याबा, तू बगितलंच असशील. आज मी पाय मारला न्हाई. नुसता ठेवला. पुढल्या साली कमांड तुला पायजे असंल तर..."

"कवा ठेवला?"

"सावधानला."

"मला काय फरक लागला न्हाई."

"आरं गड्या, आवाजच न्हाई झाला!"

"कवा हुतो?" तात्याबा म्हणाला. त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. "तुमचा पाय वर जातो ते दिसतं. खाली आलेला कवाच ऐकू येत न्हाई. मला वाटायचं, तुमाला म्हाईत हाय."

नाथाजींनी खाली पाहिलं. शाळेचं मैदान मातीचं आहे.